काळा कातळ, पांढरं पाणी आणि सव्वादोन हजारांचा पोलरायझर

धबधब्याचे फोटो म्हटलं की जो तो एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच) घ्यायला सांगतो. माझं मत वेगळं आहे. पावसाळ्यातल्या ढगाळ दिवशी, झाडीतल्या छोट्या धबधब्यासाठी पहिले पैसे सर्क्युलर पोलरायझरवर, म्हणजे लेन्सपुढे फिरवून चकाकी घालवणाऱ्या फिल्टरवर घाला, एनडीचं नंतर बघू. मी फोर्टातल्या बोरा बाजारातून सव्वादोन हजारांना ५८ मिमीचा पोलरायझर घेतला आणि अख्खा पावसाळा घणसोलीच्या गवळीदेव डोंगरावर वापरला. कंपनीचं नाव देत नाही, या किमतीतले बहुतेक एकाच माळेचे मणी.

मी रबाळे एमआयडीसीत क्वालिटीला आहे. पॉलिश केलेले स्टीलचे पार्ट ट्यूबलाइटखाली तिरपे धरून ओरखडे शोधायचे, हे रोजचं काम. उजेड सरळ डोळ्यांवर आला की ओरखडा दिसत नाही. पार्ट जरासा कलता केला की चकाकी बाजूला होते आणि खालचं सगळं उघडं पडतं. डोंगराचा कातळ काही हातात धरून कलता करता येत नाही, ते काम हा फिल्टर करतो. (हौसेनं एकदा कंपनीतही नेला होता. उघड्या स्टीलवर त्याची मात्रा चालत नाही, धातूवरची चकाकी तशीच राहते. पाणी, पानं, ओला दगड, रंगवलेला पत्रा यांवर चालते.)

गवळीदेव ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पूर्वेला दिघ्यापासून खाली टीटीसीचा (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक पट्टा पसरलाय, आणि त्याच्या पाठीला पारसिकची डोंगररांग. कारखान्यांच्या शेडमधून वर चढत गेलं की वनखात्याची झाडी लागते आणि पावसाळ्यात त्या झाडीतून पाणी उतरतं. वरून मागे वळून पाहिलं तर निळे-पांढरे पत्रे, हायटेन्शनचे टॉवर आणि पलीकडे ठाण्याची खाडी. खारघरच्या पांडवकड्यासारखा उंच कडा इथे नाही. धबधबा लहान आहे, जवळ उभं राहून फोटो काढावा असा. रविवारी अंघोळीची जत्रा असते, तेव्हा कॅमेरा काढूच नका. मधल्या वारी सकाळी जा.

आता खरा मुद्दा. आपला दगड म्हणजे काळा बेसॉल्ट, आणि ओला झाला की त्यावर आभाळाचं पांढरं प्रतिबिंब पडतं. साध्या फोटोत पाणी पांढरं, दगड पांढुरका, पानंही पांढुरकी. धबधबा कुठे संपतो आणि कातळ कुठे सुरू होतो तेच कळत नाही. फिल्टरची रिंग हळूहळू फिरवा आणि स्क्रीनवर पाहत राहा. एका ठिकाणी दगड एकदम काळा पडतो, शेवाळाचा हिरवा आणि सागाच्या पानांचा खरा रंग वर येतो. पाणी मात्र पांढरंच राहतं, कारण फेसाळ पाण्यातून उजेड सगळीकडे विखुरतो आणि त्यावर पोलरायझरचं फारसं चालत नाही. मला हवा होता तो फरक इथे मिळतो, आणि तो संगणकावर बसून नंतर घालता येत नाही. फोटो उजळ-गडद करता येईल, पण चकाकीखाली झाकलेलं शेवाळ कुठून आणणार?

वर हा फिल्टर पावणेदोन ते दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), तो फायदाच समजा. झाडीत ढगाळ सकाळी आयएसओ १०० आणि एफ ११ वर (एफचा आकडा मोठा तितकं लेन्सचं छिद्र बारीक) मला १/८ सेकंदाच्या आसपास शटर मिळत होता. फिल्टर लावल्यावर तो अर्ध्या सेकंदाच्या जवळ गेला. छोट्या धबधब्याला एवढं पुरतं. पाण्याचे धागे दिसतात, ते कुठून कुठे उडी मारतंय ते कळतं. दहा-दहा सेकंदांचे ते दुधाळ फोटो मला आवडत नाहीत, त्यात पाण्याचा जोरच जातो. शटर लांबवायला एफ २२ वर जाऊ नका, सगळं मऊ पडतं. आणि काळ्या दगडाला बघून कॅमेरा फोटो उगाच उजळ करतो, पाणी जळतं, म्हणजे नुसता पांढरा डाग उरतो. एक्स्पोजर उणे दोन-तृतीयांशवर ठेवा. ट्रायपॉड लागतोच, आणि दोन सेकंदांचा टायमर.

एक मात्र सांगते, रिंग शेवटपर्यंत फिरवू नका. पूर्ण चकाकी गेली की दगड ओला वाटतच नाही, डांबराचा ढीग वाटतो. कडेला थोडी चमक राहू द्यावी. दुसरा अनुभव असा की धबधब्याच्या खालच्या डबक्यावर फिल्टर फिरवला आणि पाण्याचा तळ स्वच्छ दिसायला लागला. तळाशी काय, तर वेफर्सची पाकिटं आणि गुटख्याच्या पुड्या. साध्या फोटोत आभाळाच्या प्रतिबिंबाखाली हे सगळं लपतं. माझी पुतणी सोबत होती, ती म्हणाली, "आत्या, डबक्यापुरता तरी तो काढून ठेव ना!" मी काढला नाही, फ्रेमच वर घेतली.

पुतणीकडे फक्त मोबाईल. तिनं माझा पोलराइज्ड गॉगल मोबाईलच्या लेन्सपुढे आडवा-उभा धरून पाहिला, आणि चक्क फरक पडला. फोटोला किंचित तपकिरी झाक आली, कडा वाकडी दिसली, पण ज्यांना दोन हजार घालायचे नाहीत त्यांनी आधी हे करून बघावं.

आता मालाबद्दल, माझ्या कामाच्या नजरेनं. काच ठीक आहे. पांढऱ्या कागदाचा फोटो काढला तर हलकी पिवळट झाक येते; रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढत असाल तर व्हाइट बॅलन्सनं जाते. रिंगचं काम मात्र मी कंपनीत रिजेक्ट केलं असतं. आट्याच्या सुरुवातीला बर (धातूची बारीक धारदार कड) राहिलीय, बोटाला लागते. रिंग अॅल्युमिनियमची, त्यामुळे ओल्या हातानं जरा जास्त आवळली की लेन्सला घट्ट बसते आणि निघता निघत नाही. भाजीच्या जुडीचं रबर रिंगभोवती गुंडाळून फिरवलं की निघते, म्हणून ते बॅगेत ठेवूनच असते. पितळी रिंगवाले महाग पडतात, पण ते असे अडकत नाहीत. रिंग बारीक ठेवायच्या नादात पुढचे आटेच दिलेले नाहीत, त्यामुळे लेन्सचं झाकण बसत नाही. पावसात झाकण नाही म्हणजे दर दोन मिनिटांनी काच पुसणं आलं. खोक्यावर लिहिलंय पाणी घसरून जातं. इथे पाणी घसरत नाही, पसरतं. मायक्रोफायबरचं कापड एकदा भिजलं की नुसतं सारवतं. जुन्या सुती साडीचे धुतलेले तुकडे चांगले, चार-पाच न्या.

घेताना दुकानातच तपासा, सील फोडल्यावर बदलून देत नाहीत. मी काउंटरवरचाच कॅल्क्युलेटर मागितला. फिल्टरची पुढची बाजू त्याच्या आकड्यांकडे धरून डोळ्यासमोर फिरवायची: एका कोनात आकड्यांची पट्टी काळी ठिक्कर पडते. मग फिल्टर उलटा करून पुन्हा फिरवा. सर्क्युलर असेल तर आता काळोख होत नाही, फार तर रंग बदलतो. दोन्ही बाजूंनी काळं पडलं तर तो लिनियर, म्हणजे दुसऱ्या प्रकारचा पोलरायझर, आणि डीएसएलआरच्या ऑटोफोकसला आणि उजेड मोजणाऱ्या मीटरला तो त्रास देतो. दुकानदार आधी हसला. मग म्हणाला, "मॅडम, कॅल्क्युलेटर परत द्या हं."

लेन्सचंही बघा. माझी कॅननची १८-५५ एसटीएम आहे, तिचा पुढचा भाग फोकस करताना फिरत नाही. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या जुन्या काही किट लेन्सचा फिरतो, मग आधी फोकस करा आणि नंतरच फिल्टर फिरवा, नाहीतर बसवलेला कोन बिघडतो.

कपडे-बूट ज्याचे त्यानं ठरवावेत. वर डोंगरात पाऊस सुरू झाला तर खाली पाणी अचानक वाढतं; २०१९ च्या ऑगस्टमध्ये पांडवकड्याला चार मुली वाहून गेल्या. बंदीची पाटी असली तर वाद न घालता माघारी फिरा, आणि ट्रायपॉड प्रवाहात रोवू नका.

पाचपैकी साडेतीन गुण. काचेला चार, रिंगला दोन, पण फोटो काचेतून निघतो. नव्यानं घेणाऱ्यांनी ५८ न घेता ६७ मिमीचा, पितळी रिंगचा घ्यावा आणि लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवणारी शे-दोनशेची स्टेप-अप रिंग लावावी. पुढे मोठी लेन्स घेतली तरी तोच चालतो.