लाईट गेली की लाईटचं घड्याळ जातं : रीफ टँकचा एलईडी, ११ महिन्यांनंतर

हा रिव्ह्यू खरंतर दिवाळीतच लिहायचा होता, तेव्हा लिहिला असता तर एक स्टार आणि सोबत दोन शिव्या असत्या. फेब्रुवारीत लिहायला बसलो तेव्हा चार द्यावेसे वाटत होते. आता जूनमध्ये लाईट बंद पडून परत चालू झालाय आणि हाताशी सोल्डरिंगचा वास अजून आहे, तेव्हा एकदाचं लिहून टाकतो.

लाईट म्हणजे रीफ टँकवर (कोरल, म्हणजे प्रवाळ, पाळायचा खाऱ्या पाण्याचा टँक) लावतात तोच आपला काळा डबा, वर १६५ वॉट छापलेला, ५५ एलईडी, निळा आणि पांढरा असे दोन चॅनल, बाजूला छोटा डिस्प्ले आणि आत टायमर. स्पेक्स सगळ्यांना पाठ आहेत, परत लिहीत बसत नाही. गेल्या ऑगस्टमध्ये ऑनलाईन सेलरकडून ९,५०० ला घेतला, कारण चांगल्या ब्रँडेड लाईटच्या किमतीत माझा टँक, स्टँड, स्किमर (पाण्यातली घाण फेसावाटे काढणारं यंत्र) आणि वर्षभराचं मीठ आलं असतं. टँक दोन फूट बाय दीड बाय दीड, म्हणजे साधारण १२० लिटर. प्लगमध्ये लावायचा वॉटमीटर आहे माझ्याकडे, त्यावर दोन्ही चॅनल फुल केले तरी १०८ च्या वर काटा गेला नाही. १६५ हा आकडा ५५ गुणिले ३ एवढ्यापुरताच खरा. पण ते सोडून द्या, बिल कमी येतंय म्हणून मी त्यावर भांडलो नाही.

भांडलो ते घड्याळावरून.

टायमर मी दुपारी १ ते रात्री १० असा लावला होता, कारण मी घरी येणार साडेसातला आणि आल्यावर टँक बघायला मिळावा एवढीच हौस. सप्टेंबरमध्ये रोज संध्याकाळी घरी यावं तर टँकमध्ये अंधार, झोआ (फुलांसारखे छोटे कोरल) सगळे मिटलेले, मशरूम कोरल आक्रसलेले. मला वाटलं पाण्यात लोच्या झालाय. तीन आठवडे मी सॅलिनिटी तपासतोय, अल्कलिनिटी तपासतोय, टेस्ट किट संपवतोय. मग एक दिवस आई सहज म्हणाली, "पहाटे चारला एवढा उजेड कशाला लावून ठेवतोस? काकड आरतीला उठल्यासारखं वाटतं." मी म्हटलं मी कुठे लावतोय? "मला वाटलं माशांना पहाटेचं लागत असेल काहीतरी."

प्रकार असा होता की आमच्याकडे डोंबिवलीत दुपारी दहा मिनिटं लाईट गेली की या डब्याचं घड्याळ शून्यावर येतं. समजा ३ वाजून १० मिनिटांनी लाईट आली, तर याच्या लेखी तेव्हा मध्यरात्रीचे बारा वाजले. मग दुपारी एकचा सूर्योदय कधी होणार, तर पहाटे ४ वाजून १० मिनिटांनी. बिचारे कोरल त्यांच्या रात्रीत शांत झोपलेले आणि मी त्यांना आजारी समजून पाणी बदलतोय. पुढची लाईट आणखी कुठल्या वेळी गेली की दिवस-रात्र परत तिसरीकडेच.

सेलरला मेसेज केला. संवाद जसाच्या तसा देतो. "घड्याळ रिसेट होतंय." "सर लाईट लागतो का?" "लागतो, पण पहाटे चारला." "मग सर प्रॉडक्ट वर्किंग आहे." वॉरंटी सहा महिन्यांची, मी दुसऱ्या महिन्यात बोलतोय, तरी घड्याळ वॉरंटीत येत नाही म्हणे. चार दिवसांनी स्वतःहून सल्ला आला, इन्व्हर्टर घ्या. म्हणजे माझं मनगटी घड्याळ सेलवर पाच वर्षं चालतं आणि यांच्या घड्याळासाठी मी घरात बॅटरी बसवायची.

तेव्हा मी काय केलं, लाईट मॅन्युअल मोडवर टाकला, त्यात निदान ब्राइटनेस लक्षात राहतो, आणि मागे साडेतीनशेचा गोल चाकीवाला टायमर लावला. वायफायचा स्मार्ट प्लग आठशेला होता, तो मी तत्त्वासाठी घेतला नाही, एकदा टायमरचे पैसे दिलेत ना लाईटमध्ये. चाकीवाल्याची गंमत अशी की लाईट जाईल तेवढा वेळ तोही थांबतो, पण निदान शून्यावर जात नाही, नुसता मागे पडतो. तोटा एवढाच की हळूहळू उजाडणं बंद झालं, एकदम खटकन् फुल उजेड, आणि क्लाउनफिशची जोडी रोज दुपारी दचकून दगडामागे.

आता उजेडाबद्दल, कारण शेवटी त्यासाठीच घेतला. इथे चूक माझी आहे आणि ती नवीन लोकांनी करू नये म्हणून सांगतो. पहिल्याच आठवड्यात दोन्ही चॅनल १०० टक्के केले. निळा उजेड आपल्या डोळ्याला मंदच वाटतो, त्यामुळे मला हा लाईट कमजोर वाटला, मोबाईलच्या लक्स मीटर ॲपनेही तेच सांगितलं. पण लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे, निळ्याला ते फार कमी धरतं. कोरलच्या आत जी सूक्ष्म शेवाळं राहतात, झूझँथेली, ती मुख्यतः त्या निळ्यावर जगतात, कारण समुद्रात लाल रंग वरच्या काही मीटरमध्येच संपतो आणि खाली निळाच पोचतो. दोन आठवड्यांत माझा टोडस्टूल लेदर कोरल तपकिरीचा फिकट क्रीम झाला, आणि एक मशरूम दगडावरून सुटून विरघळलाच. पांढरं पडणं म्हणजे कोरलने आतली शेवाळं बाहेर टाकली, हे मला तेव्हा वाचून माहीत होतं, डोळ्यांसमोर बघितल्यावर कळलं. दोन्ही चॅनल २५ टक्क्यांवर आणले आणि मग दर आठवड्याला निळा फक्त पाच-पाच टक्के चढवला. लेदरला रंग यायला अडीच महिने गेले.

जानेवारीत परळच्या एका मित्राने त्याचा अपोजी कंपनीचा पार मीटर (कोरलमधल्या शेवाळांना वापरता येतो तेवढा उजेड मोजणारा) दोन दिवस वापरायला दिला, आणि तिथे माझं मत फिरलं. लाईट पाण्यापासून वीस सेंटीमीटरवर होता, निळा ६० पांढरा १५. मधल्या दगडाच्या टोकावर ३१०. झोआ-मशरूमवाल्यांना ५० ते १५० मध्ये सुखाने राहता येतं, ३१० म्हणजे त्यांना मे महिन्याची गच्ची. आणि कोपऱ्यात वाळूवर फक्त ३८! म्हणजे मी ज्याला कमजोर म्हणत होतो तो कमजोर नव्हताच, लेन्समुळे सगळा उजेड मध्ये एका जागी कोंबलेला. छताच्या हुकाला लावलेली वायर लांबवण्याऐवजी आखडली, लाईट पस्तीस सेंटीमीटरवर नेला, तर टोकावर १९० आणि कोपऱ्यात ५५ आले. एक रुपया खर्च नाही. झोआ मी मग टोकावरून उतरवून मधल्या कपारीत बसवले. मला वाटतं हे बॉक्समधल्या कागदावर एका ओळीत लिहिता आलं असतं, पण त्या कागदावर चार भाषांत फक्त "पाण्यात बुडवू नये" लिहिलंय.

शेवाळाबद्दलही लाईटला मी उगाच बोललो. नोव्हेंबरमध्ये दगडांवर हिरवे केस उगवले तेव्हा पांढऱ्या चॅनलला शिव्या घातल्या. खरं पाप पाण्याचं निघालं. मी टॉपअपला (उडून गेलेलं पाणी भरायला) घरचंच आरओ पाणी वापरत होतो, आणि घरच्या आरओत टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो, पिण्याला चव यावी म्हणून तो थोडं कच्चं पाणी मिसळतो. टीडीएस मीटर लावला तर ६४. टँकला शून्य लागतं. उरलेले क्षार काढणारी वेगळी डीआय रेझिनची नळी जोडली, खाणं निम्मं केलं, दीड महिन्यात केस गेले, पांढरा चॅनल होता तिथेच आहे.

कोणते कोरल, असं विचारणारे येतील म्हणून : फक्त झोआ, मशरूम, लेदर आणि मागच्या काचेवर जीएसपी (ग्रीन स्टार पॉलिप हा हिरवा कोरल). दगडी सांगाड्याचे कोरल वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, २००१ पासून, वाघाच्या रांगेत. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ मी स्नॉर्केलिंग केलंय, हिरवट गढूळ पाण्यात, हातभर अंतरावरचं नीट दिसत नव्हतं तरी खाली कोरल होते. मोह होतो, पण किनाऱ्यावर पडलेला तुकडासुद्धा उचलून आणू नका. आणि त्या गढूळ पाण्यात ते जगतात हे बघितल्यापासून "रीफ म्हणजे भरपूर लाईट" या सल्ल्यावरचा माझा विश्वास तसाही कमी झालाय.

घरच्यांचं म्हणाल तर निळ्या उजेडाची सवय व्हायला वेळ लागला. शेजारच्या काकू पहिल्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, "हॉटेलात असतं ना माशा मारायचं मशीन, तसलं लावलंय का?" मी म्हटलं काकू, माशा नाही, मासे, आणि मारायचे नाहीत, पाळायचेत. फोटो सगळे निळेभोर येतात, त्यावर उपाय म्हणजे गणपतीच्या मखरातला उरलेला पिवळा जिलेटिन पेपर मोबाईलच्या कॅमेऱ्यावर धरा, पाच रुपयांत काम होतं.

तर आता जून. पंखा महिनाभर भुंग्यासारखा आवाज करत होता, मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. टँकवर उडणारे खारट बारीक तुषार पंख्यात ओढले जातात आणि बेअरिंगला मीठ धरतं. एका सकाळी आवाज बंद, मला बरं वाटलं. संध्याकाळी येतो तो निळ्याची एक आख्खी ओळ बंद आणि डब्याला हात लावला तर तव्यासारखा. वॉरंटी फेब्रुवारीतच संपलेली, सेलर म्हणाला नवीन घ्या, दहा टक्के डिस्काउंट देतो.

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात नेला. तिथल्या दादांनी पाच मिनिटांत दाखवलं, पूर्वीच्या दिवाळीच्या माळेसारखं असतं, एक दाणा गेला की अख्खी माळ जाते. ओळीतला एक एलईडी बदलला, कॉम्प्युटर कॅबिनेटचा १२ व्होल्टचा पंखा बसवला, सगळे मिळून ४२०. निघता निघता मी त्यांना घड्याळाचं रडगाणं सांगितलं. त्यांनी भिंग लावून बोर्ड बघितला आणि मला बोलावलं, "साहेब, हे बघा." बोर्डवर घड्याळाची चिप आहे, तिच्या शेजारी दोन रिकामी भोकं, वर बारीक अक्षरात बॅट (म्हणजे बॅटरी) लिहिलेलं. जागा आहे, रस्ता आहे, फक्त सेल बसवलेलाच नाही. ९,५०० च्या लाईटमध्ये चाळीस रुपयांचा बटण सेल आणि त्याचा होल्डर वाचवलाय! तिथेच लावून घेतला, मजुरी धरून १९०.

गेल्या बुधवारी पावसात तीनदा लाईट गेली. साडेसातला घरी आलो तर टँक उजळलेला, झोआ उघडलेले, तीनचे आता चाळीसच्या वर झालेत, मोजले. दहाला हळूहळू मावळला. आई म्हणाली, "आज तुझं मशीन वेळेत झोपलं."

बिलाचं : मी वापरतो त्या सेटिंगला ५२ वॉट, दिवसाला नऊ तास, महिन्याला १४ युनिट. घ्यायचाच असेल तर सोबत पार्सलमध्ये धरून चाला एक पंखा आणि एक सेल, आणि दर दोन महिन्यांनी पंखा ब्रशने साफ करा. तीन स्टार. चौथा कापलाय तो त्या दोन भोकांसाठी.

भोकांचा फोटो सेलरला पाठवला होता, सेल लावलेला आणि न लावलेला असे दोन्ही. काल उत्तर आलं, "सर, बॅटरी बसवल्यास वॉरंटी व्हॉइड होईल."