वीजदराची जाहीर सुनावणी, पुणे : ग्राहकाच्या नजरेतून

विजेचे दर ठरवण्यापूर्वी महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग जी जाहीर सुनावणी घेतो, तिची पारख कोणत्याही सार्वजनिक सेवेसारखी व्हायला हवी. पुण्यात ही सुनावणी विभागीय आयुक्त कार्यालयाच्या कौन्सिल हॉलमध्ये होत आली आहे. तिथे वकील लागत नाही, मराठीत बोलता येते, आणि २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ६४ नुसार लोकांच्या सूचना व हरकती विचारात घेतल्याशिवाय आयोगाला दराचा आदेश काढता येत नाही. दारातून आत येण्याची सोय म्हणून पाहिले, तर ही व्यवस्था निश्चितच चांगली आहे.

अडचण आत आल्यावर सुरू होते. महावितरणच्या याचिकेचा मराठी सारांश मिळतो. मात्र ज्यावर दर खरोखर ठरतो तो वीजखरेदीचा खर्च, वितरण हानी (म्हणजे वाटेत गळणारी वा चोरीला जाणारी वीज) आणि मागील वर्षांची तूट यांचा तपशील मूळ इंग्रजी याचिकेत आणि तिच्या तक्त्यांत असतो. हरकतीसाठी साधारण तीन आठवडे मिळतात. त्यामुळे मोठे उद्योग सल्लागारांकडून आकडेमोड करून घेऊन येतात, तर गृहनिर्माण सोसायट्यांचे प्रतिनिधी बहुधा ‘दरवाढ रद्द करा’ एवढेच सांगून बसतात. त्यांचा संताप रास्त असला तरी आयोगाला त्यातून आदेशात लिहिण्याजोगे फारसे काही मिळत नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी कायद्याने कलम ९४(३) मध्ये ग्राहकहिताची बाजू मांडणाऱ्या व्यक्तीला वा संस्थेला प्राधिकृत करण्याचा अधिकार आयोगाला दिला आहे, आणि माझ्या मते संपूर्ण व्यवस्थेतील सर्वांत मोलाची तरतूद हीच आहे. मुंबई ग्राहक पंचायतीसोबत पुण्यातील ‘प्रयास’च्या ऊर्जा गटाने ही भूमिका दीर्घकाळ निभावली आहे. मीटर नसलेल्या कृषिपंपांचा वापर अंदाजाने धरला जातो. तो अंदाज फुगवला की गळती आणि चोरी त्याखाली झाकली जाते, आणि तिचा भार नियमित बिल भरणाऱ्यांवर पडतो. तत्कालीन वीज मंडळाच्या २००० सालच्या पहिल्या दरनिश्चितीत या अंदाजांची चिकित्सा झाली आणि हानी पूर्वी सांगितली जात होती त्यापेक्षा कितीतरी अधिक, ३० टक्क्यांच्या वर असल्याचे उघड झाले. नुसत्या घोषणांनी हे साधले नसते. पुढे २००६ मध्ये शहराचे भारनियमन टाळण्यासाठी उद्योगांच्या स्वतःच्या जनित्रांचा आधार घेणारी योजना पुण्यात आली, तेव्हाही तिच्या खर्चापोटी लावलेल्या विश्वसनीयता आकारातून कमी वापराच्या घरगुती ग्राहकांना वगळण्यात आले.

काही मर्यादा जाणाऱ्याने आधीच ध्यानात ठेवाव्यात. चुकीच्या बिलाचे गाऱ्हाणे इथे नेऊन उपयोग नाही. त्यासाठी ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्यानंतर विद्युत लोकपाल आहेत. इंधनाच्या बदलत्या खर्चापोटी लागणारा इंधन समायोजन आकार मधल्या काळात ठरलेल्या सूत्राने बिलात येतो, त्यासाठी अशी सुनावणी होत नाही. हरकत लेखी द्यावी, आयोगाच्या संकेतस्थळावरूनही ती पाठवता येते, आणि तिच्यात याचिकेतील एखादाच आकडा धरून त्याचा आधार विचारावा. नंतर आदेशात हरकत, कंपनीचे उत्तर आणि आयोगाचा निर्णय असे क्रमाने नोंदवलेले असते. सुनावणीचा खरा कस या भागात लागतो. नेमक्या प्रश्नाला तिथे बहुधा नेमके उत्तर मिळते, तर मोघम हरकतीवर ‘नोंद घेतली’ या अर्थाचे एखादे वाक्य येते.

निर्णय न पटल्यास ४५ दिवसांत दिल्लीच्या विद्युत अपील न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. तिथला वकिलाचा आणि प्रवासाचा खर्च महिन्याला शंभर-दीडशे युनिट वापरणाऱ्या घराला परवडणारा नाही, म्हणून ही पायरी त्याच्यासाठी कागदावरच राहते आणि ती चढण्याचे काम पुन्हा एखाद्या संस्थेवरच येऊन पडते.