रानात शिकवायला शिकायचंय: गिर्यारोहक, निसर्ग अभ्यासक की ‘फॉरेस्ट स्कूल’वाला प्रशिक्षक?

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या शिक्षकांना मुलांचे तास रानात घ्यायचे असतील, तर आधी स्वतःला कुणाच्या तरी हाताखाली शिकावं लागतं. शिकवणारे तीन प्रकारचे भेटतात. प्रमाणपत्र बहुतेकांकडे असतं, पण ते कशाचं आहे हे नीट बघायला हवं.

गिर्यारोहण प्रशिक्षक. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था किंवा दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट इथे क्रम असतो बेसिक, अ‍ॅडव्हान्स आणि मग ‘मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन’ (एमओआय). नुसतं बेसिक केलेला माणूस स्वतः उत्तम चढेल. दुसऱ्याला कसं शिकवायचं ते या तिसऱ्या अभ्यासक्रमात येतं. म्हणून ‘एमओआय झालंय का?’ हे आधी विचारा. मोजणी, दोर, रात्रीचा तळ, जखमीला खाली आणणं यात हे लोक पक्के असतात. उणीव एवढीच, की रान म्हणजे पार करायची वाट असा त्यांचा हिशेब असतो. एखादं पोर वारुळापाशी अर्धा तास रमलं, तर ते ‘मागे पडलं’ म्हणतात. लळिंगच्या किल्ल्यावर किंवा तोरणमाळला मुलं न्यायची असतील, तर मात्र हाच माणूस बरा.

निसर्ग अभ्यासक. अंजन, सालई, धावडा पान न बघता, सालीवरून ओळखणारा. बिब्ब्याचा चीक आणि खाजकुयलीच्या शेंगा कुठे आहेत हे त्याला ठाऊक असतं, आणि सातपुड्यात ती माहिती फार कामाची. पण गट सांभाळण्याचं शिक्षण अनेकांनी घेतलेलं नसतं. परीक्षा सोपी आहे. विचारा, “आग्या मोहोळ उठलं, पंचवीस मुलं आहेत, पहिली दोन मिनिटं काय कराल?” उत्तर असं हवं: सगळ्यांना तोंड झाकून, हात न झटकता, लगेच दूर पळवायचं, मग मोजणी, मग नखाने खरवडून काटे काढायचे, कुणाला धाप लागली किंवा ओठ-चेहरा सुजला तर १०८. तो मधमाश्यांच्या वसाहतीची रचना सांगू लागला, तर पाहुणा म्हणून बोलवा, प्रशिक्षक म्हणून नको.

‘फॉरेस्ट स्कूल’ पद्धतीचा प्रशिक्षक. मुलांना ठरावीक रानात पुन्हा पुन्हा नेऊन शिकवायची ही पद्धत ब्रिटनची. १९९३ मध्ये ब्रिजवॉटर कॉलेजच्या लोकांनी डेन्मार्कमधल्या बालवाड्या पाहिल्या, तिथून ती रुजली. ब्रिटनमध्ये गट चालवायला ‘लेव्हल ३’ ही पात्रता लागते. काही दिवसांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण, मैदानी प्रथमोपचार, जागेच्या परिसंस्थेचा अभ्यास, धोक्यांची लेखी पाहणी आणि त्याच मुलांसोबत किमान सहा सत्रं, असं ते काम बरेच महिने चालतं. तिघांत याचंच पारडं जड आहे, कारण इथे प्रशिक्षकाचं ज्ञान नव्हे, तुमचं मुलांसोबतचं काम तपासलं जातं. मात्र दोन दिवसांची ऑनलाइन ‘ओळख’ म्हणजे लेव्हल ३ नव्हे. फरक न सांगणारा प्रशिक्षक टाळाच.

आता अडचण. हा अभ्यासक्रम ओल्या, थंड जंगलासाठी बेतलेला आहे. तिथे शेकोटी हा जवळपास रोजचा पाठ. आपल्याकडे फेब्रुवारीपासून पानगळ आणि वाळलेलं गवत असताना ठिणगी पडली तर वणवाच. यावलसारख्या अभयारण्यात तर शिरायलाच वन विभागाची परवानगी लागते. ब्रिटनमधले प्रशिक्षक ओल्या फांद्या तासायला शिकवतात. राखीव वनात झाड तोडणं हा गुन्हा आहे. म्हणून विचारा, “शेकोटीऐवजी काय, आणि सुरीकामाला लाकूड कुठलं?” बांधावरची सुबाभूळ किंवा निरगुडी, मालकाला विचारून, असं उत्तर आलं तर माणसाने इथला विचार केलाय. पऱ्हाटी (कापसाची काडी) म्हणाला तर समजा, त्याने ती कधी तासलेली नाही. वाळल्यावर ती चिरफाळते.

जागेचंही तसंच. आठवड्याला एकदा जायचं तर पाल-तोरणमाळ परवडत नाही. गावाजवळचा नाला, आमराई किंवा शाळेच्या मागचं पडीक रान चालतं. प्रशिक्षक ती जागा बघायला आला नाही, तर त्याचे कागद कितीही वजनदार असोत, उपयोग नाही. आणि जागा दोनदा दाखवा: एकदा श्रावणात, एकदा मार्चमध्ये. पावसाळ्यात वर डोंगरात पाऊस झाला की कोरडा नाला अचानक भरून येतो. उन्हाळ्यात दहानंतर मुलं बाहेर ठेवू नयेत.

तिघांनाही सारखेच लागू असलेले मुद्दे: किमान सोळा तासांचा मैदानी प्रथमोपचार कोर्स, तोही मुदतीतला (ही मुदत बहुधा दोन-तीन वर्षांची असते). सर्पदंशावर ‘चीर देऊ, करकचून बांधू’ म्हणणारा तिथेच बाद. हातपाय न हलवता, प्रतिविष असलेल्या रुग्णालयात नेणं हेच बरोबर, आणि जवळचं असं रुग्णालय कुठलं हे त्याने आधीच फोन करून ठेवलेलं असावं.

एकात सगळं मिळणं अवघड. आमचं मत असं: मुख्य प्रशिक्षक तिसऱ्या प्रकारचा घ्या आणि झाडं, वाटा, मोहोळं यासाठी तिथल्याच पावरा किंवा तडवी जाणकाराला मानधन देऊन सोबत ठेवा. फुकट वाट दाखवायला बोलावू नका. प्रशिक्षकाची फी मात्र एकदम देऊ नका. शेवटचा हप्ता, त्याने तुम्हाला मुलांसोबत किमान दोन सत्रं चालवताना पाहून लेखी शेरा दिल्यावरच.