घरगुती बियरचा स्टार्टर किट: सगळं झकास, बादलीचा नळ सोडून

इंग्लंडात लीड्सला भाड्याच्या घरात गेल्या हिवाळ्यापासून २३ लिटरचा किट वापरतोय. किटमध्ये काय काय येतं ते सांगत बसत नाही. मला बोलायचंय ते बियर आंबवायच्या बादलीच्या बुडाशी बसवलेल्या प्लॅस्टिकच्या नळाबद्दल. त्याने एक आख्खी बॅच वाया घालवली आणि विक्रेत्याने वर मलाच दोष दिला.

सुरुवात गळतीने झाली. जिन्याखालच्या कपाटात बादली ठेवली, सकाळी गालिचा चिकट. घरमालकाकडे डिपॉझिट अडकलेलं, त्यामुळे डोकंच फिरलं. विक्रेत्याला फोटो पाठवले, तर उत्तर आलं की नट नीट आवळला नसेल. बादली रिकामी झाल्यावर नळ खोलून पाहिला. भोक पाडताना बाहेरच्या कडेला प्लॅस्टिकचा उंचवटा राहिला होता, त्यावर रबरी वॉशर सपाट बसतच नव्हता. मग कितीही आवळा! बारीक पॉलिश पेपरने कड घासली, गळती बंद. बादली आतून मात्र कधीही घासू नका. चरे पडले की जंतूंना त्यात घर मिळतं.

एवढ्यावर भागलं असतं तर नळाला माफ केलं असतं. पण पुढे एक बॅच आंबट निघाली, तीही सगळी बाटल्यांत भरून झाल्यावर. नळ उकलला तर आतल्या फिरत्या भागामागे जुन्या बियरचा बुळबुळीत थर. किटच्या कागदावर लिहिलंय, सॅनिटायझर नळातून वाहू द्या. नुसतं वाहून तो भाग स्वच्छ होत नाही, दर वेळी सुटा करूनच धुवावा लागतो, आणि हे कागदावर कुठेच नाही. लोणच्याच्या बरणीला ओला चमचा लागला की काय होतं ते आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे, इथेही तेच. बऱ्याच ई-मेलांनंतर विक्रेत्याने नवा नळ पाठवला. बियरचे पैसे नाहीत ते नाहीतच.

बाकी वस्तूंबद्दल मत बदलत गेलं. एअरलॉकचे, म्हणजे झाकणावरच्या वायू बाहेर सोडणाऱ्या पाण्याच्या नळीतले, बुडबुडे हा मला आधी मोठा आधार वाटायचा. आता वाटत नाही. झाकणाच्या फटीतून वायू निसटला तर बियर छान आंबत असतानाही बुडबुडे दिसत नाहीत. बियरची घनता मोजणारा हायड्रोमीटर मात्र सोन्यासारखा. सुरुवातीला १.०४२ आणि शेवटी १.०१० आलं, तर फरकाला १३१.२५ ने गुणायचं, साधारण ४.२ टक्के अल्कोहोल. शेवटचा आकडा दोन-तीन दिवस हलला नाही, तरच बाटल्या भरा. घाई केली तर बाटलीत दाब वाढून ती फुटू शकते.

नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनमुळे बियरला औषधी वास येतो. तो घालवायला कॅम्पडेन नावाची सल्फाइटची गोळी मिळते, २३ लिटरला अर्धी पुरते. बियरच्या अर्काच्या डब्यावर एक किलो साखर घालायला सांगतात, त्याऐवजी माल्टची, म्हणजे मोड आणलेल्या जवाच्या अर्काची, पावडर घाला. चार पैसे जास्त जातात, पण बियर पाणचट लागत नाही. ते धरूनही चाळीस पाइंटांचा, म्हणजे त्या २३ लिटरचा, खर्च पंचवीस पौंडांच्या आत बसतो, म्हणजे पाइंटमागे साठ-पासष्ट पेन्स. पबमधल्या एका पाइंटच्या पैशांत घरी सहा-सात होतात. या हिशोबामुळेच किट अजून घरात आहे.

पुण्याहून भाऊ विचारतो, एक किट पाठव ना. त्याला नाही म्हणालो. इथे १९६३ पासून घरच्यापुरती बियर करायला परवाना लागत नाही, फक्त ती विकायची नाही. महाराष्ट्रात दारूबंदी कायद्याखाली विनापरवाना घरी बियर करणं गुन्हा आहे.

घ्यायचाच असेल तर दोन बादल्यांचा किट घ्या. आंबवायची बादली बिनभोकाची हवी. नळ दुसरीला असू दे, तिच्यात बियर फक्त बाटल्या भरायच्या दिवशी काही तास असते. त्याच नळाला बाटली भरायची स्प्रिंगवाली नळी लावली की काम सुरेख होतं. बाटली तळापासून भरते, हवा कमी मिसळते, ओट्यावर थेंब सांडत नाही. बिनभोकाची बादली दहा-बारा पौंडांना सुटी मिळते. मी आता तीच घेतली आहे, आणि जुन्या बादलीत बियर आंबवणं कायमचं बंद केलंय.