अंधारबनची बस आलीच नाही

रविवारी पहाटे सव्वापाचला आम्ही अकरा जण पौड रोडवर वनाज मेट्रो स्टेशनखाली उभे होतो. पाऊस तिरका येत होता, म्हणून सगळे खांबाला खेटून. माझी भाची सातवीत आहे. तिचा हा पहिला ट्रेक. नवीन बूट पावसात खराब होतील म्हणून तिने ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून छातीशी धरले होते आणि पायात चप्पल. बस आली की घालणार होती. ती पिशवी सात वाजेपर्यंत तशीच तिच्या हातात होती.

बस आली नाही. ती येणारच नव्हती.

हे मी सविस्तर लिहिते आहे, कारण जून ते सप्टेंबर पुण्यातून दर शनिवार-रविवारी शेकडो लोक असेच अनोळखी ग्रुपबरोबर एका दिवसाच्या ट्रेकला निघतात. त्यातले बहुतेक ग्रुप चांगले असतात. मी स्वतः अशा ग्रुपबरोबर राजगड केलाय, हरिश्चंद्रगड केलाय. त्या चांगल्या अनुभवांमुळेच यावेळी मी नीट चौकशी केली नाही.

अंधारबनच का, ते आधी सांगते. ताम्हिणीजवळच्या पिंपरी गावातून वाट सुरू होते, कुंडलिकेच्या दरीच्या कडेने दाट जंगलातून जाते, मध्ये हिर्डी गाव लागतं आणि शेवटी ती खाली कोकणात भिऱ्याला उतरते. साधारण तेरा-चौदा किलोमीटर. म्हणजे सुरुवात पुणे जिल्ह्यात आणि शेवट रायगड जिल्ह्यात. स्वतःची गाडी पिंपरीला लावली, तर भिऱ्याला उतरल्यावर तिच्याकडे परत यायचं कसं, हा प्रश्न येतो. बस मात्र आपल्याला सोडून घाटाने फिरून भिऱ्याला येऊन थांबते. त्यामुळे सिंहगडासारखं आपलं आपण जाऊन यायची ही जागा नाही, आयोजक लागतोच. फसवणाऱ्याला हे पक्कं ठाऊक होतं.

सोमवारी रात्री इन्स्टाग्रामवर जाहिरात दिसली. पेजला चाळीस हजारांच्या वर फॉलोअर, धुक्यातले सुंदर फोटो, हसणारे लोक, पिवळे रेनकोट. माणशी १,१५० रुपये, त्यात प्रवास, नाश्ता, जेवण, वन खात्याचं प्रवेश शुल्क आणि विमा. बाकीच्या ग्रुपचे दर दोन-तीनशेने जास्त होते. फार स्वस्त असतं तर शंका आली असती. एवढासा फरक होता, म्हणून विश्वास बसला.

मेसेज केला, पाच मिनिटांत फोन आला. मुलगा अगदी आदबीने बोलत होता, ‘ताई, काळजी करू नका, लेडीज ग्रुप नेहमी आमच्याकडेच येतात.’ व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये घेतलं. तिथे आधीच वीस-बावीस जण. कुणी विचारतंय, बूट कोणते घालू. कुणी लिहितंय, मागच्या वर्षी तुमच्याबरोबर देवकुंड केलं, मस्त झालं. कुणी पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट टाकतंय. त्यातला एकही जण रविवारी वनाजला आला नाही. शिवाजीनगर आणि नळ स्टॉप या आधीच्या थांब्यांवरही कुणी उभं असेल असं मला आता वाटत नाही. ती सगळी माणसं त्याचीच होती, किंवा नव्हतीच.

मंगळवारी माणशी ५०० असे ५,५०० रुपये भरले. माझ्या ऑफिसातले सहा, मी आणि नवरा, नणंद आणि तिच्या दोन मुली. सगळ्यांचे पैसे माझ्याकडे जमा झाले होते, मी एकत्र पाठवले. क्यूआर स्कॅन केल्यावर स्क्रीनवर ग्रुपचं नाव आलं नाही, कुठल्यातरी ट्रेडर्सचं आलं. मी विचारलं. ‘ताई, ते आमच्या अकाउंटंटचं खातं आहे, जीएसटीसाठी तिकडे घेतो.’ मी एका कंपनीच्या अकाउंट्स विभागात बारा वर्षं काम करते. व्हेंडरचं नाव आणि खात्याचं नाव जुळलं नाही, तर कितीही ओळखीचा असला तरी मी पेमेंट थांबवते. ऑफिसात जो नियम मी कधी मोडला नाही तो घरी, फोनवरच्या एका वाक्यावर मोडला. यूपीआयमध्ये पैसे पाठवण्याआधी जे नाव दिसतं ते बँक खात्यातलं असतं. आपल्याला समोरच्या माणसाबद्दल मिळालेली तेवढी एकच खरी माहिती होती आणि ती मी सोडून दिली.

गुरुवारी दुपारी निरोप आला की वन खात्याला नावांची यादी आज संध्याकाळी सहापर्यंत द्यायची आहे, पूर्ण रक्कम नसेल तर नाव जाणार नाही, फक्त सात जागा उरल्यात. शिवाय विम्यासाठी प्रत्येकाच्या आधार कार्डाचा फोटो. मी उरलेले ६५० प्रमाणे ७,१५० रुपये पाठवले आणि अकरा आधार कार्डं पाठवली. पैशांपेक्षा मला आजही त्या आधार कार्डांचीच जास्त धास्ती वाटते. त्यातली नऊ दुसऱ्यांची होती, दोन तर लहान मुलींची. मागितलंच तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार देता येतं. हे मला माहीत होतं, पण सहा वाजायला वीस मिनिटं उरली होती.

बसचा फोटोही आला, नंबर प्लेटसकट. तो नंबर मी नंतर एम-परिवहन अ‍ॅपवर टाकून पाहिला. गाडीच्या प्रकारात दुचाकी लिहून आलं. हे पाहायला मला अर्धं मिनिटही लागलं नाही. आदल्या रात्री पाहिलं असतं तर अकरा जण पहाटे चारला उठले नसते.

आता रविवार. साडेपाचला फोन केला, ‘पाच मिनिटांत पोचतोय, नळ स्टॉप सोडला.’ पावणेसहाला फोन बिझी. सव्वासहाला बंद. नवरा म्हणाला, पावसात ट्रॅफिक असेल. रविवारी पहाटे पौड रोडला कसलं ट्रॅफिक? ऑफिसातली मैत्रीण कोंढव्याहून रिक्षाला तीनशे रुपये देऊन आली होती, ती काहीच बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. माझ्या पोटात गोळा आला.

सात वाजायला दहा मिनिटं कमी असताना ग्रुपवर मेसेज आला. बस शिवाजीनगरला बंद पडली, ट्रेक रद्द, सगळ्यांना आजच पूर्ण रिफंड. सगळ्यांनी सुस्कारा टाकला. मलाही बरं वाटलं, तेवढ्यात नणंदेला वेगळा मेसेज गेला: ‘मॅडम, तुमच्या तिघींचे ३,४५० पाठवतोय, क्यूआर स्कॅन करून रक्कम कन्फर्म करा.’ आकडा बरोबर होता, कारण कुणाच्या घरचे किती हे त्याच्याच फॉर्ममध्ये आम्ही भरून दिलं होतं. तिने बाजूला जाऊन, ओल्या बोटांनी, छत्री मानेत धरून क्यूआर स्कॅन केला आणि पिन टाकला. ‘वहिनी, आले बहुतेक,’ म्हणाली. मी फोन बघितला. आले नव्हते, ३,४५० गेले होते.

ही गोष्ट घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः आईवडिलांना, बसवून सांगा. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, काहीच करावं लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. नणंद शिकलेली आहे, शाळेत शिकवते. फसलेल्या माणसाला पैसे परत मिळणार म्हटलं की सुटल्यासारखं वाटतं, आणि त्या सुटकेच्या क्षणी तो बघत नाही. फसवणाऱ्याने पहिली फसवणूक केली तीच दुसरीसाठी वापरली.

मी तिथूनच १९३० ला फोन लावला. सायबर फसवणुकीसाठीचा हा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर, आधीच मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा. तिसऱ्या प्रयत्नात लागला. त्यांनी विचारलं ते असं: कुठल्या बँकेतून गेले, किती वाजता, किती रक्कम आणि व्यवहाराचा बारा आकडी यूपीआय संदर्भ क्रमांक. हा क्रमांक अ‍ॅपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की दिसतो. मग एसएमएसने तक्रार क्रमांक आला, त्यावरून सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर पूर्ण तक्रार भरली, दुसऱ्या दिवशी पोलिसांकडे लेखी अर्ज दिला. नणंदेचे ३,४५० समोरच्या खात्यात होल्ड झाले, कारण पंधरा मिनिटांत कळवलं होतं. अजून हातात आलेले नाहीत, पण सापडले तरी. माझे १२,६५० मात्र मंगळवारी आणि गुरुवारीच एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात गेले होते. त्या खात्यांत काही उरलं नव्हतं. ग्रुप डिलीट व्हायच्या आत मी सगळे चॅट आणि नंबर यांचे स्क्रीनशॉट घेतले, तेवढं मात्र चांगलं झालं. आठ वाजता आम्हाला सगळ्यांना काढून टाकलं होतं.

त्या दिवशी आम्ही वेताळ टेकडीवर जाऊन डबे खाल्ले. मुलींसाठी.

नंतर मी शांतपणे ते पेज बघितलं. इन्स्टाग्रामवर ‘या अकाउंटविषयी’ असा भाग असतो. त्यात अकाउंट कधी उघडलं आणि नाव किती वेळा बदललं हे दिसतं. या पेजने नाव पाच वेळा बदललं होतं. फोटो वेगवेगळ्या ग्रुपचे उचललेले होते. एका फोटोत कोपऱ्यात दुसऱ्याच संस्थेच्या बॅनरचा तुकडा दिसतोय. प्रत्येक पोस्टखालच्या कमेंट बंद.

पुढच्या महिन्यात मी पुण्यातल्या एका जुन्या गिर्यारोहण संस्थेला फोन केला. त्या फोनमध्ये मला फरक कळला. पलीकडच्या काकांनी पैशांचा विषयच काढला नाही. आधी कुठले ट्रेक केलेत? गुडघ्याचा, दम्याचा, बीपीचा त्रास कुणाला? लहान मुलगी आहे तर तिला ओढा ओलांडायची सवय आहे का? तुमच्या घरच्या कुणाचा तरी नंबर द्या. आणि शेवटी, ‘हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट आला तर आम्ही आदल्या दिवशी रद्द करतो, तेव्हा नाराज होऊ नका.’ त्या मुलाने आठवडाभरात मला यातलं एकही विचारलं नव्हतं. त्याला माझा गुडघा कशाला हवा होता?

मी विचारलं होतं त्याला, वाट चालू आहे का म्हणून. ‘परमिशन घेतलीय ताई.’ ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, १५ जून २०२५ ला कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा पूल कोसळला. अशा घटना झाल्या की किंवा पाऊस फार वाढला की प्रशासन आणि वन खातं ठरावीक जागा काही काळ बंद करतात. अशा वेळी ‘आम्ही घेतलीय परमिशन’ म्हणणाऱ्याकडे लेखी आदेश मागा. राज्य सरकारचं २०२१ चं साहसी पर्यटन धोरण आहे, त्यानुसार आयोजकाने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. नोंदणी आहे का, असेल तर प्रमाणपत्राचा फोटो पाठवा, एवढं विचारायला कुणालाच संकोच वाटायचं कारण नाही. खरा आयोजक चिडत नाही. ट्रेक लीडरचं पूर्ण नाव मागा, त्याच्याशी व्हिडिओवर बोला. आगाऊ थोडेच पैसे द्या, बाकीचे बसमध्ये बसल्यावर. तो नाही म्हणाला तर आपणही नाही म्हणायचं, मग सात जागा उरोत की एक.

ऑफिसातल्या सहा जणांचे पैसे मी पगारातून परत केले. तिघांनी घ्यायला नकार दिला, मी टेबलावर पाकीट ठेवून आले. नणंद मात्र अजून कुणासमोर हा विषय काढू देत नाही. हे लिहायचं का, हे मी तिला विचारलं. ‘लिहा वहिनी, फक्त माझं नाव नको,’ म्हणाली.

काल भाचीने स्क्रीनशॉट पाठवला. फोटो तोच, पिवळ्या रेनकोटवाला. पेजचं नाव नवीन. यावेळी ट्रेक देवकुंडचा आहे, माणशी ९९९, फक्त सात जागा बाकी. कमेंट चुकून उघड्या राहिल्या होत्या, तर तिने खाली लिहिलं: ‘ही बस येत नाही.’ दहा मिनिटांनी बघितलं तर कमेंट काढलेली होती. आम्ही दोघींनी पेज रिपोर्ट केलं आणि तो स्क्रीनशॉट पोलिसांकडच्या आमच्या तक्रारीला जोडलाय.