भाड्याच्या फ्लॅटची साईट बनवताय? नकाशा की यादी, उघडा नंबर की ओटीपी, आणि मी काय निवडलं

पुण्यात नऊ वर्षांत सहा घरं बदलली मी. चार एजंटकडून मिळाली, एक ओळखीतून, एक साईटवरून. आणि मग मित्राच्या सोबतीने कोथरूड-कर्वेनगर-वारजे आणि आसपासच्या पट्ट्यासाठी भाड्याच्या फ्लॅटची छोटी साईट बनवली, म्हणजे घर शोधणारी पण मीच होते आणि मालकांसाठी फॉर्म बनवणारी पण मीच. हल्ली दोघा-तिघांनी विचारलं की आमच्या एरियासाठी असंच काहीतरी करायचंय, काय ठेवू काय नको, तर प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढते.

आधी एक सांगते, मी प्रत्येक पर्याय एकाच गोष्टीवर तोलते, यामुळे कुणाची फुकट फेरी वाचते का. ऑफिस सुटल्यावर हिंजवडीहून निघायचं, ट्रॅफिकमधून दीड तास काढून रात्री साडेआठला वारज्यात पोचायचं आणि मालक दारातूनच सांगणार "अहो तो तर परवाच गेला" किंवा "सोसायटीत बॅचलर चालत नाहीत". हे ज्याने भोगलंय त्याला बटणाचा रंग कुठला होता हे आठवत नाही, फेरी आठवते.

नकाशा की यादी

यावर आमच्यात सगळ्यात जास्त वाद झाले म्हणून यावर जरा जास्त लिहिते. नकाशावर घरं दाखवायची कल्पना जुनी आहे, २००५ मध्ये पॉल राडेमाकर नावाच्या प्रोग्रामरने क्रेगलिस्ट या अमेरिकेतल्या जाहिरातींच्या साईटवरच्या जाहिराती गूगल मॅपवर टाकून दाखवल्या, तेव्हा गूगलने बाहेरच्या लोकांसाठी मॅपची एपीआय (आपल्या साईटवर तो मॅप वापरायची सोय) उघडलीसुद्धा नव्हती. आपल्याकडे २०१२ मध्ये आयआयटी मुंबईच्या १२ पोरांनी हाऊसिंग डॉट कॉम सुरू केलं तेही नकाशावरच उभं होतं. त्यामुळे मित्राचं म्हणणं होतं की नकाशाच पहिला, यादी हवी तर बाजूला.

लॅपटॉपवर ते छान दिसतं. पण आमच्याकडे येणारे जवळपास सगळे मोबाईलवर, त्यातले अर्धे चालत्या बसमध्ये. सहा इंचाच्या स्क्रीनवर डहाणूकर कॉलनीत एकावर एक बसलेल्या आठ पिना बोटाने उघडायच्या म्हणजे त्रास आहे, आणि पिनेवर फक्त भाडं दिसतं, डिपॉझिट नाही, मजला नाही, लिफ्ट आहे की नाही ते नाही. यादीत एका कार्डावर, म्हणजे एका घराच्या चौकटीत, हे सगळं मावतं आणि अंगठ्याने खाली सरकवत जाता येतं.

नकाशाचा दुसरा घोळ पुण्यात राहणाऱ्यालाच कळेल. आम्ही सुरुवातीला "२ किलोमीटरच्या आत" असा फिल्टर ठेवला होता. कर्वेनगर टाकलं की नदीपलीकडचं हिंगणे यायचं, आता हवेतून ते दोन किलोमीटरच्या आतच आहे हो, पण जायचं तर राजाराम पुलाला वळसा घालून आणि संध्याकाळी तो पूल म्हणजे काय असतो ते सांगायला नको. कोथरूडवरून वर्तुळ काढलं तर पंचवटी-पाषाणची घरं येणार, मध्ये अख्खी वेताळ टेकडी. ज्याच्या शहरात नदी, टेकडी, रेल्वे लाईन काहीही आहे त्याने वर्तुळाचा फिल्टर काढूनच टाकावा असं माझं स्पष्ट मत आहे. त्याऐवजी लोक बोलताना जी नावं घेतात तीच द्या, नळ स्टॉप, पौड फाटा, वनाज, करिश्माजवळ. मेट्रो स्टेशनपासून चालत किती मिनिटं हा फिल्टर आम्ही नंतर टाकला आणि तो खरंच वापरला जातो.

शेवटी आम्ही यादी पहिली ठेवली आणि वर एक "नकाशावर बघा" बटण. नकाशात नेमकी पिन न दाखवता साधारण २००-३०० मीटरचा गोल दाखवतो, कारण रिकाम्या फ्लॅटचा किंवा एकटीने राहणाऱ्या मुलीच्या घराचा अचूक पत्ता सगळ्या जगाला उघडा ठेवणं मला पटत नाही. पण तुमची साईट एकाच मोठ्या टाऊनशिपसाठी असेल तर नकाशा मुळीच नको, बिल्डिंगचं नाव पुरतं. आणि अख्ख्या शहरासाठी असेल आणि येणारे लोक बाहेरगावचे असतील, ज्यांना बाणेर कुठे आणि बिबवेवाडी कुठे हेच माहीत नाही, तर नकाशाला जास्त जागा द्या, त्यांना त्याची खरी गरज असते.

खर्चाचं थोडक्यात. गूगल मॅप ओळखीचा वाटतो पण २०१८ पासून बिलिंग अकाउंट आणि एपीआय की (गूगल देतं तो कोड) लावल्याशिवाय चालत नाही, वापर वाढला की बिल येतं. ओपनस्ट्रीटमॅप (लोकांनी मिळून बनवलेला नकाशा) आणि लीफलेट (तो साईटवर दाखवायचा तयार कोड) फुकट आहे, फक्त ओपनस्ट्रीटमॅपच्या सर्व्हरवरून थेट भरमसाट टाईल्स (नकाशाचे तुकडे) ओढू नका, त्यांचे नियम आहेत. छोट्या साईटला दुसरा पर्याय पुरेसा.

सर्च बॉक्स की ड्रॉपडाऊन

ड्रॉपडाऊन बनवायला सोपा, चुका कमी. पण साठ एरियांची यादी मोबाईलवर खाली खाली सरकवायची म्हणजे माणूस कंटाळतो. टाईप करायचा बॉक्स चांगला, पण मग तो शहाणा हवा. हिंजवडी लोक रोमनमध्ये तीन-चार प्रकारे लिहितात, कुणी मराठीत टाईप करतं, कुणी एसबी रोड म्हणतं कुणी सेनापती बापट. आम्ही एका शीटमध्ये प्रत्येक एरियाची सगळी टोपणनावं आणि स्पेलिंगं लिहून काढली, दोन रविवार गेले, पण "काहीही सापडलं नाही" हे पान त्यानंतर फार क्वचित दिसतं. एरिया पंधराच्या आत असतील तर सरळ बटणं द्या, दोन्ही नकोत.

कार्डावर भाडं लिहायचं की आत शिरायला लागणारे पैसे

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे आणि बहुतेक ठिकाणी फक्त भाडंच मोठ्या अक्षरात असतं. आता २०,००० भाड्याचा २ बीएचके घ्या. तीन महिन्यांचं डिपॉझिट ६०,०००, पहिलं भाडं २०,०००, एजंट असेल तर एक महिन्याचं ब्रोकरेज २०,०००. मग ११ महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स (भाड्याचा करार), त्याची स्टॅम्प ड्यूटी एकूण भाड्यावर आणि डिपॉझिटवर धरलेल्या १० टक्के व्याजावर पाव टक्का, म्हणजे या हिशोबात साडेपाचशे-सहाशे, महापालिकेच्या हद्दीत रजिस्ट्रेशन फी १,००० आणि करार करून देणाऱ्याचे वेगळे. म्हणजे कार्डावर दिसतात वीस हजार आणि खिशात लागतात लाखावर. नवीन नोकरीला लागलेल्या पोराला हे फ्लॅट बघून आल्यावर कळतं, आणि ती फेरी पण फुकटच की.

म्हणून आमच्या कार्डावर दोन आकडे आहेत, "महिन्याला" आणि "आत शिरताना". महिन्याच्या आकड्यात मेंटेनन्स धरूनच, कारण "मेंटेनन्स एक्स्ट्रा" हे शब्द बारीक टाईपात लिहिणं म्हणजे समोरच्याला फसवणं आहे. काही मालकांना हे आवडलं नाही, त्यांचा फ्लॅट महाग दिसतो म्हणे. मी ऐकलं नाही. बेंगळुरूकडे दहा-दहा महिन्यांचं डिपॉझिट मागायची जुनी पद्धत आहे, तिथे तर हा दुसरा आकडा जास्तच गरजेचा.

तिथेच "ॲग्रीमेंटचा खर्च कोण करणार" ही एक ओळ पण टाका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची आहे, खर्च मात्र बोलून ठरतो, तो आधीच ठरलेला बरा. फ्लॅट किती मोठा ते लिहिताना कार्पेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा) मागा, बिल्डरांवरच्या रेराच्या २०१६ च्या कायद्यात त्याची सरळ व्याख्या आहे, "सुपर बिल्टअप" वाचून सोफा मावेल का ते कुणालाच कळत नाही.

फिल्टर किती

मोठ्या पोर्टलवर वीस-पंचवीस असतात. आम्ही मेट्रोचा वर सांगितलेला सोडला तर सातवर थांबलो: बजेट, एरिया, बीएचके, फर्निचर, कधीपासून, पार्किंग, आणि कोणाला देणार (फॅमिली, नोकरी करणारे, विद्यार्थी). पाण्याचं मात्र कार्डावरच लिहितो, कॉर्पोरेशनचं की बोअर की टँकर, कारण पुण्यात उन्हाळ्यात याच्यावरून लोक घर सोडतात.

एक गोष्ट माझ्या फेरीच्या नियमात बसत नाही ती पण सांगते. काही मालकांनी सरळ विचारलं की जात-धर्माचा रकाना ठेवा, नाहीतर नको ते लोक बघायला येतात, त्यांचा पण वेळ जातो. हिशोबाने बघितलं तर बरोबर, रकाना ठेवला असता तर काही लोकांच्या फेऱ्या वाचल्या असत्या. पण माझ्या एका मैत्रिणीला आडनाव सांगितल्यावर फोन कट झालेले मी शेजारी बसून ऐकलेत, तो कट करण्याची सोय मी माझ्या साईटवर बटण म्हणून देणार नाही. तो रकाना नाही, आणि वर्णनात कुणी तसं लिहिलं तर ती जाहिरात साईटवर लागत नाही. तुम्ही सुरुवात करण्याआधीच हे ठरवून ठेवा, कारण पहिल्याच महिन्यात कुणीतरी मागणार.

नंबर उघडा, ओटीपीनंतर, की फक्त मेसेज

उघडा नंबर सगळ्यात सोपा, पण दोन दिवसांत मालकाला एजंटांचे इतके फोन येतात की तो वैतागून जाहिरातच काढतो. फक्त साईटवरचा मेसेज ठेवला तर मालक बघतच नाहीत, साठीतले काका रोज लॉगिन करून इनबॉक्स बघतील ही अपेक्षाच चुकीची. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पहिल्या पानावरच "लॉगिन करा", अजून एक फोटो पण बघितला नाही आणि माझा नंबर कशाला हवा तुम्हाला.

आम्ही सगळं लॉगिनशिवाय बघू देतो, फोटो, भाडं, अटी सगळं, फक्त मालकाचा नंबर ओटीपीनंतर, आणि एका माणसाला दिवसाला ठराविकच नंबर. एजंटांचे फोन एकदम थांबले नाहीत पण मालकांच्या तक्रारी खूप कमी झाल्या. मालकाने "संध्याकाळी ७ ते ९ फोन करा" असं लिहिलं असेल तर ते नंबरच्या वरच दिसतं. एसएमएसने ओटीपी पाठवायचा तर टेलिकॉम कंपन्यांच्या डीएलटीवर (मेसेज पाठवणाऱ्यांची नोंद ठेवणारी व्यवस्था) नोंदणी आणि मेसेजचा टेम्प्लेट मंजूर करून घ्यावा लागतो, त्यात दिवस जातात हे धरून चाला. आणि नाव, नंबर सोडून जास्त काही मागू नका, २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहेच पण तो नसता तरी भाडेकरूची जन्मतारीख घेऊन करायचं काय आपल्याला.

जुन्या जाहिराती

मालकाच्या भरवशावर सोडलं तर गेलेला फ्लॅट सहा महिने तसाच दिसत राहतो. आपोआप काढलं तर साईट रिकामी वाटते. मी बेधडक सांगते, रिकामी वाटू द्या. आमच्याकडे १५ दिवसांनी मालकाला व्हॉट्सॲपवर "अजून आहे का?" जातं, उत्तर नाही आलं की जाहिरात खाली. साठ खऱ्या घरांची यादी सहाशे शिळ्या घरांपेक्षा बरी, आणि कार्डावर "३ दिवसांपूर्वी मालकाशी खात्री केली" एवढं वाचलं की माणूस निघायला तयार होतो.

ॲप, वर्डप्रेस, वगैरे

ॲप नको. माणूस तीन आठवडे घर शोधतो आणि मग अकरा महिने तुमच्याकडे फिरकत नाही, तो कशाला डाऊनलोड करेल. वर्डप्रेसच्या तयार थीम स्वस्त पडतात पण आम्ही बघितलेल्या बहुतेक परदेशातल्या विक्रीसाठी बनलेल्या, गॅरेज आहे, डिपॉझिट नाही, लॉक-इन (ठराविक महिने घर सोडता येत नाही ती अट) नाही, तोडून-जोडूनच दमायला होतं. कोडिंग येणारं कुणी सोबत असेल तर साधी स्वतःची बनवा, नसेल तर पहिले दोन महिने गूगल फॉर्म आणि शीटवर काढा, त्यात लोक काय विचारतात ते कळतं. फोटो वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये छोटे करून टाका, मुख्य फोटो अडीच सेकंदांत दिसला पाहिजे, आणि बाथरूमचा फोटो सक्तीचा. यादी खाली खाली वाढत जाणारी ठेवलीत तर फ्लॅट बघून मागे आल्यावर माणूस त्याच जागी आला पाहिजे, आमच्याकडे आधी तो परत वर जायचा आणि लोक तिथेच सोडून द्यायचे.

मालकाचा फॉर्म आम्ही तीनदा बदलला. आधी एक लांबलचक पान, मग पाच पायऱ्या, दोन्हीत लोक फोटो टाकायच्या जागी अडकायचे. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंना त्यांचा वन बीएचके द्यायचा होता, त्यांच्या शेजारी बसून फॉर्म भरताना बघितलं तर चष्मा लावून सुद्धा त्यांना "अपलोड" कुठे दाबायचं ते सापडत नव्हतं, आणि त्याच काकू नातवाचे फोटो व्हॉट्सॲपवर रोज पाठवतात. तेव्हापासून व्हॉट्सॲपवर फोटो आणि भाडं पाठवा, बाकी आम्ही फोनवर विचारून भरतो असं ठेवलंय. दिवसाला एक-दीड तास जातो त्यात, पण फोनवर "पाणी कसंय हो?" विचारलं की मालक जे सांगतात ते फॉर्ममध्ये कधीच लिहीत नाहीत.