बिल होईपर्यंतचा पाहुणचार

गेल्या महिन्यात आईसाठी फ्रंट लोड वॉशिंग मशीन घेतलं. दादर पश्चिमेचं मोठं शोरूम, नाव लिहीत नाही.

तिथला विक्रीचा मुलगा मात्र मनापासून आवडला. मशीन दाखवण्याआधी त्याने विचारलं, "ताई, पाणी किती वाजता येतं? टाकी किती उंचीवर आहे?" परळची आमची इमारत जुनी, पाणी पहाटे दोन तास. नळाला जोर नसेल तर फ्रंट लोड अडून बसतं, हे त्यानेच सांगितलं. नो कॉस्ट ईएमआयचंही खरं बोलला: व्याजाएवढी सूट आधीच मिळते, पण व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी आपल्यालाच भरावी लागते. आईने तिथल्या तिथे कार्ड पुढे केलं, सगळे पैसे एकदम.

बिलिंग काउंटरला सगळंच बदललं. बिलात २,४९९ रुपयांची एक्स्टेंडेड वॉरंटी न विचारता घातलेली. काढा म्हटलं तर "सिस्टीममध्ये पडलंय आता." वीस मिनिटं उभी राहिले तेव्हा निघाली. तुम्ही जाल तेव्हा पैसे देण्याआधी बिलाची एकेक ओळ वाचा.

दहा ते सहाची वेळ दिलेली, मशीन आलं रात्री साडेआठला. लिफ्ट नाही म्हणून दोघा हमालांनी ५०० रुपये मागितले. ते मी दिले, तीन जिने चढवणं म्हणजे थोडी मेहनत नाही. पण "डेमोवाला येईल" म्हणून पाइप जोडून ते गेले, आणि तोवर मशीन लावू नका हे कुणीच बोललं नाही. चार दिवस वाट पाहून आईने चादरी टाकल्या. स्पिनला मशीन असं थडथडलं की मोरीच्या लाद्यांवरून हातभर पुढे सरकलं. घाबरून तिने प्लग ओढला. मागे पाहिलं तर चारही ट्रान्झिट बोल्ट तसेच! प्रवासात ड्रम हलू नये म्हणून ते कसलेले असतात, वापरण्याआधी काढावेच लागतात.

शोरूम म्हणालं, कंपनीला फोन करा. कंपनी म्हणाली, दुकानाने इन्स्टॉलेशनची विनंतीच टाकलेली नाही. शेवटी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. तिथे मराठीत बोलता येतं. तक्रार क्रमांक मिळाला आणि तिसऱ्या दिवशी मेकॅनिक दारात हजर. त्याने पान्ह्याने बोल्ट काढले, रिकामं मशीन फिरवून पाहिलं. सुदैवाने आत काही तुटलं नव्हतं.

त्या मुलाला कळल्यावर त्याने सुट्टीच्या दिवशी आईला फोन करून माफी मागितली. चूक त्याची नव्हतीच, आणि काउंटरवरच्या साहेबांचा फोन अजून आलेला नाही. दिवाळीला फ्रिज घ्यायचाय, तो तिथून घेणार नाही. त्या मुलाने दुकान बदललं तर त्याच्याकडेच जाईन.

घर बदलताना लागतात म्हणून ते चार बोल्ट आईने पिशवीत घालून बिलासोबत कपाटात ठेवलेत.